वात, पित्त की कफ? आधी कारण शोधा, मग दिनचर्या बदला

"माझी वातप्रकृती आहे, म्हणून गुडघे दुखतात" असं सांगणारी माणसं सांगलीत पावलोपावली भेटतात. बहुतेकांनी मोबाईलवर वीस प्रश्नांची एखादी चाचणी सोडवलेली असते. चाचणीने वात म्हटलं की माणूस आयुष्यभर वाताचाच होतो, मग चैत्रात छातीत कफ घुरघुरत असला तरी तेल चोळत बसतो. वात, पित्त आणि कफ हे आयुर्वेदातले तीन दोष. त्यांवरून ठरणारी प्रकृती, म्हणजे शरीराची मूळ ठेवण, जन्माची असते, ती दुरुस्त करायची नसते. दुरुस्त करायचं ते आज बिघडलंय त्याला, म्हणजे विकृतीला. पित्तप्रकृतीच्या माणसाचा वात बिघडू शकतो, कफप्रकृतीच्या बाईला पित्त छळू शकतं. म्हणून 'मी कोण' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि 'गेल्या दोन-तीन महिन्यांत माझ्यात काय बदललं' एवढंच विचारा.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त बघा

एक साधी वही घ्या. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पाच गोष्टींबद्दल दोन-दोन शब्द लिहा: जीभ, पोट, भूक, झोप, आणि अंगाची अवस्था. या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. नेहमीचाच चहा, नेहमीचंच जेवण.

जीभ आरशासमोर, उजेडात बघायची, दात घासण्याआधी. पातळ पांढुरकी छटा बहुतेकांना असते, तिची काळजी नको. साय धरल्यासारखा जाड थर, तोंडाला चिकटपणा आणि वास असेल तर तसं लिहा. पोटाच्या रकान्यात साफ झालं की नाही एवढंच पुरत नाही. खडा झाला, पातळ व जळजळीत झाला, की चिकट होऊन भांड्याला लागून राहिला, हे महत्त्वाचं. लाज वाटायचं कारण नाही, वही तुमचीच आहे.

भुकेच्या रकान्यात घड्याळ लिहा. आदल्या दिवशीचं जेवण पचल्याची खूण आयुर्वेदशास्त्राने फार सोप्या शब्दांत सांगितली आहे: ढेकर शुद्ध येते, उत्साह वाटतो, मलमूत्र वेळेवर होतं, अंग हलकं वाटतं आणि भूक-तहान लागते. यातलं किती जमतंय ते बघा.

आणखी एक नोंद बरेच जण विसरतात, ती म्हणजे त्रासाची वेळ. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाचे कर्ते वाग्भट यांच्या सांगण्यानुसार दिवसाच्या, रात्रीच्या आणि पचनाच्याही सुरुवातीला कफ, मध्यात पित्त आणि शेवटी वात जोर धरतो. सकाळी उठताना अंग जड, जेवल्या जेवल्या सुस्ती, तर बोट कफाकडे. भर दुपारी आणि मध्यरात्री जळजळ, तर पित्ताकडे. संध्याकाळी पोट फुगणं, पहाटे तीनला टक्क जाग येणं, हा वाताचा कारभार. एकट्या वेळेवरून निदान होत नाही, पण लक्षणांशी वेळ जुळली की अंदाज पक्का होतो.

दुसरी पायरी: लक्षणं जुळवून बघा

वात वाढला की अंगात कोरडेपणा आणि चंचलता येते. त्वचा खरखरीत, ओठ फुटलेले, सांधे कटकट वाजतात, मळ कोरडा होऊन अडतो, पोट फुगतं, गरम हवंहवंसं वाटतं, झोप तुटक होते. डोक्यात विचारांची रांग थांबत नाही आणि क्षुल्लक गोष्टीची धास्ती वाटते.

पित्तात उष्णता असते. आंबट ढेकर, छातीत-डोळ्यांत-तळपायांत जळजळ, घामाला वास, भूक सहन न होणं, तोंड येणं, पुरळ, आणि बारीकसारीक कारणावरून भडका. जेवायला अर्धा तास उशीर झाला की घरातल्यांवर डाफरणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच.

कफाचं जडपण सांगावं लागत नाही, दिसतं. भरपूर झोपूनही ताजं न वाटणं, भूक मंद, तोंडाला गोडसर चव, नाक-घसा चोंदलेला, वजन चढतं, उठून काम करायचा कंटाळा.

फसगत कुठे होते? पुष्कळदा झोप आणि अ‍ॅसिडिटी या दोन ठिकाणी. रात्री बारापर्यंत डोकं तापलेलं आणि झोपच येत नाही, हे पित्ताचं लक्षण असू शकतं. लगेच झोप लागून पहाटे मोडते, ती बहुधा वाताची. जळजळ म्हणजे पित्त असं धरून थंड दूध पिणाऱ्याची जीभ जर पांढरी जाड असेल आणि भूकच नसेल, तर मुळात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद आहे. तिथे थंड दूध आणखी गोंधळ करतं.

तिसरी पायरी: कारण पकडा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हिच्यावरूनच लोक उडी मारून पुढे जातात. निदानपरिवर्जन, म्हणजे ज्यामुळे बिघडलं ते आधी सोडणं, ही चिकित्सेची थोडक्यातली व्याख्या प्राचीन वैद्य सुश्रुतांनी केली आहे. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ?

आपल्या भागातली तीन माणसं डोळ्यांसमोर आणा. कुपवाड एमआयडीसीत पाळीत काम करणारा मुलगा. आठवड्याला पाळी बदलते, रात्री दोनला चहा-बिस्कीट, सकाळी गाडीवर थंड वारा खात घरी, आणि संध्याकाळी जेवणाऐवजी भडंग. भडंग हे सांगलीचं वैभव आहे, पण ते रात्रीचं जेवण नव्हे. कोरडे चुरमुरे, तळलेला लसूण आणि तिखट, वर पाणीही कमी. याचा वात न बिघडला तर नवल.

दुसरा विटा-खानापूरकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा. परमुलखात सोन्याच्या भट्टीशेजारी वर्षानुवर्षं बसलेला, जेवणाची वेळ गिऱ्हाइकावर अवलंबून. जत्रेला गावी आला की मटणाचा तांबडा रस्सा आणि रात्री जागरण. त्याचं पित्त कोणत्या गोळीने बसणार?

तिसरे गणपती पेठेतले दुकानदार. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर, दुपारी घरी जाऊन वामकुक्षीच्या नावाखाली दोन तास गाढ झोप, रात्री दहाला दहीबुत्ती. कफाला याहून चांगली सोय कोण करील?

आता तुमच्या वहीच्या मागच्या पानावर तीन महिन्यांत बदललेल्या गोष्टी लिहा: कामाची वेळ, प्रवास, जेवणाची वेळ, नवीन गोळी, घरातलं दुखणं किंवा ताण, आणि वेगधारण, म्हणजे शरीराचे नैसर्गिक वेग अडवून धरणं. शौच-लघवी, भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू असे तेरा वेग अडवू नयेत असं अष्टांगहृदय सांगतं. एसटीच्या प्रवासात किंवा शेतावर सोय नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्याकडे किती आहेत! त्यांच्या बद्धकोष्ठाचं मूळ तिथेच सापडतं, त्याला चूर्णाची गरज नसते.

चौथी पायरी: आधी आम, मग तेल-तूप

जीभ जाड थराची, अंग जड, तोंडाला चव नाही, भूक नाही, मळ चिकट, ही आमाची, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाची, लक्षणं. अशा अवस्थेत वात वाढलेला असला तरी तेल चोळू नये, तूप वाढवू नये. अजीर्णात आणि कफाने भरलेल्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, करू नये, असं शास्त्रानेच सांगितलं आहे. घरगुती उपाय फसतात ते बहुतांशी याच ठिकाणी.

दोन-तीन दिवस हलकं जेवा. दुपारी मऊ भात आणि मुगाचं वरण, त्यात जिरं, हिंग, चिमूटभर सुंठ. रात्री मुगाचं कढण किंवा पेज, दिवे लागण्याच्या सुमारास. पाणी कोमट, तहानेपुरतं. भूक कडकडून लागेपर्यंत मधलं खाणं बंद. जेवणाआधी आल्याचा नखाएवढा तुकडा सैंधव लावून चावायला हरकत नाही, पण जळजळ असलेल्यांनी आलं टाळावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि अशक्त म्हाताऱ्या माणसांनी मनाने लंघन करू नये.

जीभ निवळली, भूक लागली, अंग हलकं वाटलं की पुढच्या पायरीला लागा.

वात बिघडला असेल तर

वाताला नियमितपणा लागतो. एकच उपाय निवडा म्हणाल तर मी जेवणाची आणि झोपेची वेळ पक्की करायला सांगेन, तेलसुद्धा नंतर. पाळी बदलणाऱ्याला हे कठीण आहे, मान्य. त्याने निदान पाळी कोणतीही असो, कामावर जाण्याआधी एक गरम जेवण आणि परत आल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोप, एवढं तरी धरावं.

जेवणात गोड, आंबट, खारट चवीचं, गरम आणि स्निग्ध असावं. शाळूची भाकरी कोरडी खाल्ली तर वात वाढवते, तीच गरम असताना तूप लावून आमटीत कुस्करून खाल्ली तर त्रास कमी होतो. हरभरा, वाटाणा, पावटा, कच्चा कांदा-कोबी, थंडगार पाणी, रात्रीचा चिवडा थोडे दिवस लांब ठेवा.

आता अभ्यंग. घाण्यावरचं तिळाचं तेल घ्या, छोटी वाटी पुरे. वाटी थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. तेल मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सुखद उबेच्या पुढे गरम नको. न्हाणीघरात पाटावर जुनं कापड टाकून बसा. सुरुवात डोक्याच्या टाळूपासून, मग कानांच्या पाळ्या व कानांमागे, मग मान, खांदे. दंड-मांड्यांसारख्या लांब हाडांवर सरळ लांब हात, सांध्यांवर गोल. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हलक्या हाताने. शेवटी तळपाय, त्यांना घाई नको. वाग्भटांनी डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावायला सांगितलं आहे. पंधरा-वीस मिनिटं तेल मुरू द्या, मग गरम पाण्याने आंघोळ. साबणाऐवजी डाळीचं पीठ हाताला घेतलं की तेल निघतं आणि त्वचा कोरडी पडत नाही. शहाबादी फरशीवर तेल सांडलं तर आधी ते पुसा. हाड मोडून घेण्यासाठी अभ्यंग नाही.

रोज वेळ नसेल तर रात्री झोपताना तळपायांना काशाच्या वाटीने तेल किंवा तूप घासा. दहा मिनिटांत डोळे जड होतात. ताप, सर्दी, अजीर्ण असताना आणि जेवल्यावर लगेच तेल नको. एकाच पोटरीला अचानक सूज, लाली, ठणका असेल तर तिथे चोळायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

व्यायामही अर्ध्या शक्तीचाच. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. कृष्णेच्या घाटावर चार घटका शांत चालणं वाताच्या माणसाला जिमच्या तासापेक्षा मानवतं.

पित्तासाठी

पित्ताची पहिली दुरुस्ती म्हणजे दुपारचं जेवण वेळेवर. बारा ते एकच्या दरम्यान ताट समोर हवं. भूक मारून चहा पिणं ही आपली सार्वजनिक सवय आहे आणि पित्ताचं अर्धं दुखणं तिथून येतं.

कांदा-लसूण मसाला कायमचा बंद करा असं सांगून सांगलीत कोणी ऐकणार नाही. म्हणून वाग्भटांचा पादांशिक क्रम वापरा. लागलेली वाईट सवय एकदम न सोडता चौथा हिस्सा कमी करायची, काही दिवस जाऊ द्यायचे, पुन्हा चौथा हिस्सा. चार चमचे मसाला पडत असेल तर आधी तीन. आमटीला दाटपणा ओल्या खोबऱ्याने आणा, वरून तूप. चहालाही हाच नियम लावा. एकदम सोडलेला चहा डोकं धरतो आणि चौथ्या दिवशी दुप्पट होऊन परत येतो.

गोड, कडू, तुरट चव पित्ताला शांत करते: मूग, दुधी, पडवळ, कोहळा, धने-जिऱ्याचं पाणी, ताजं गोड ताक, घरचं तूप. तासगावच्या पट्ट्यातले बेदाणे आपल्या दारात आहेत. पण ते टिकवताना गंधकाची धुरी देण्याची पद्धत आहे, म्हणून दोनदा धुऊन घ्या, मग दहा-पंधरा बेदाणे रात्री भिजत घालून सकाळी चावून खा. पोटही साफ होतं. मधुमेह असेल तर हा उपाय तुमचा नव्हे. आंबट द्राक्षं मात्र पित्त वाढवतात, बागेत चव बघता बघता घडभर खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

डोक्याला आणि तळपायांना खोबरेल, भर उन्हात जायचं तर रुमाल-टोपी, रात्री अकराच्या आत अंथरुणात. नवरात्राचे नऊ दिवस नेमके शरदात, ऑक्टोबर हीटमध्ये येतात. त्यात रिकाम्या पोटी चहा, मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी असा उपास केला तर पित्त उसळणारच. राजगिरा, भगर, काकडी, दूध यांवर उपास होतो. देवीची त्याला हरकत नसावी.

कफासाठी

इथे लाड नाहीत. सूर्योदयाआधी उठा, घाम येईल असं चाला, दुपारी झोपू नका. जेवणानंतर डोळे मिटतच असतील तर खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्या, बसून घेतलेल्या डुलकीला शास्त्राची मुभा आहे. आडवं होऊन झोपायला मोकळीक आहे ती मुख्यतः उन्हाळ्यात.

दही रात्री खाऊ नये, गरम करू नये, आणि वसंत, ग्रीष्म, शरद या ऋतूंत टाळावं, हा नियम वाग्भटांचाच. दहीबुत्तीच्या जागी दुपारी पातळ ताक, मिरपूड-जिरं घालून. तेलाऐवजी कोरड्या हुलग्याच्या (कुळथाच्या) किंवा डाळीच्या पिठाने अंग खालून वर चोळा, यालाच उद्वर्तन म्हणतात. कोमट पाण्यात मध घेत असाल तर पाणी खरंच कोमट हवं. मध तापवू नये आणि उकळत्या पाण्यात टाकू नये.

आपल्याकडचं हुलग्याचं माडगं हे तर कफाचं घरचं औषध. हुलगे खमंग भाजून दळायचे. दोन चमचे पीठ पातळ ताकात गुठळ्या न होऊ देता कालवायचं. लसूण-जिऱ्याची फोडणी, वर पाणी, मीठ, आणि सतत ढवळत दाटसर उकळी. सर्दीत वाटीभर गरम माडगं आणि अर्धी भाकरी एवढं रात्रीला पुरतं. हुलगा उष्ण आहे, पित्तवाल्यांनी आणि मूळव्याधीचं रक्त जाणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पंचांगाकडे नाही, आभाळाकडे बघा

वात उन्हाळ्यात साचतो आणि पावसाळ्यात उसळतो. पित्त पावसाळ्यात साचून शरदात, कफ थंडीत साचून वसंतात. ग्रंथांतला ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा, पण आपल्याकडे मृगापासूनच पावसाची वाट बघतात. म्हणून महिना मोजण्यापेक्षा हवा बदलली की आहार बदला, तोही एकदम नको, हळूहळू.

जिल्ह्यातही एक हवा नाही. जत-आटपाडीची कोरडी, वाऱ्याची जमीन शास्त्रातल्या जांगल देशाला जवळची, तिथे वात आधी बिघडतो. शिराळ्याच्या पावसाळी डोंगरपट्ट्यात ओल आणि कफ. आटपाडीच्या मामीला मानवलेला तेल-तुपाचा उपाय भर पावसात शिराळ्याच्या भाचीला जडच जाणार. पाडव्याला कडुनिंबाची चटणी खायची आणि त्याच ताटात श्रीखंड वाढायचं, ही आपली गंमत. वसंताला चटणीच मानवते, श्रीखंडाचा वाडगा लहान ठेवा.

हळदीच्या गावात राहून हळदीबद्दल न बोलणं बरं दिसत नाही. भाजीतली चिमूटभर उत्तम. रिकाम्या पोटी चमचा-चमचा फक्की मारायची गरज नाही, ती गरम आणि रूक्ष आहे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय अशी हळद घेऊच नका.

फरक कसा मोजायचा

एका वेळी एकच बदल करा आणि वही चालू ठेवा. पहिली सुधारणा बहुधा भुकेत आणि पोटात दिसते, मग झोपेत, आणि त्वचा-सांध्यांत सगळ्यात उशिरा. तीन आठवड्यांत वहीत काहीच हललं नाही, तर दोष ओळखण्यात किंवा कारण सोडण्यात गफलत आहे. मागचं पान पुन्हा वाचा. दोन दोष एकत्र दिसत असतील तर ऋतूचा आणि जास्त छळणारा आधी धरा, आणि दोघांनाही न खुपणारं जेवण ठेवा. मूग, जुना तांदूळ, दुधी, थोडं तूप यांवर बहुतेकांचं भांडण मिटतं. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक पाण्याने भरा आणि चौथा रिकामा ठेवा, हे तिन्ही दोषांना लागू.

रक्तचाचणीत वात-पित्त-कफ सापडत नाहीत, आणि दिनचर्येने रक्तातली साखर किंवा थायरॉईड कळत नाही. त्यामुळे सतत थकवा किंवा वजनातला बदल असेल तर साध्या तपासण्या आधी करून घ्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना अंदाजावर बसू नका. कारण नसताना घटणारं वजन, शौचातून रक्त किंवा काळा मळ, गिळताना अडकणं, रेंगाळणारा ताप, चालताना छातीत दाब, डोळे पिवळे होणं, यांत दिनचर्या नंतर, डॉक्टर आधी. छातीतली कळ हात-जबड्याकडे गेली, दम लागला, घाम फुटला तर "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसायचं नाही.

बीपी, साखर, थायरॉईडची गोळी वाचून बंद करू नका. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं कोणी कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नका. वमन, विरेचन, बस्ती ही पंचकर्मं घरी करायची नसतात. त्यासाठी नोंदणीकृत वैद्यांकडे जा, आणि जाताना वही, चालू गोळ्यांची यादी व जुने रिपोर्ट सोबत घ्या.